काटकुळ्या मुलाची घाई

रायपूरच्या तात्यापाऱ्यातून एका वाचक आईचं पत्र आलं आहे. त्यांचा थोरला दहा वर्षांचा. शाळेतल्या तपासणीत त्याचं वजन जास्त भरलं आणि खाण्याकडे लक्ष द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. धाकटा चार वर्षांचा. त्याच्या बरगड्या मोजता येतात आणि तासभर मागे फिरावं तेव्हा कुठे अर्धी पोळी पोटात जाते. ‘एकाच्या पानातून काढायचं आणि दुसऱ्याच्या पानात कोंबायचं, हे एकाच स्वयंपाकघरात जमवायचं कसं?’ असा त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी त्यांनी जाता जाता लिहिलंय, की थोरलाही चौथ्या वर्षी असाच काटकुळा होता. माझ्या मते अख्ख्या पत्रातली कळीची गोष्ट तीच आहे.

युनिसेफने सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं, की ५ ते १९ वयोगटात जगभरात लठ्ठ मुलांचं प्रमाण (९.४ टक्के) कमी वजनाच्या मुलांपेक्षा (९.२ टक्के) पहिल्यांदाच जास्त झालं. बातम्यांमध्ये पिझ्झा-बर्गरची चित्रं झळकली. त्याच अहवालातली दुसरी गोष्ट मात्र मागे पडली. दक्षिण आशिया आणि सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडची आफ्रिका इथे अजून तसं झालेलं नाही. आपल्याकडे दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात. पाच वर्षांखालच्या जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ३.४ झालं. त्याच पाहणीत छत्तीसगडमधल्या साधारण एक तृतीयांश मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. या दोन गटांतली मुलं वेगळी, असं आपण धरून चालतो. पुण्यातल्या एका डॉक्टरांनी या समजुतीला सुरुंग लावणारं काम तीस वर्षांपूर्वीच सुरू केलं.

केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाचे रुग्ण तपासत, तेव्हा समोरचा रुग्ण इंग्रजी पाठ्यपुस्तकातल्या रुग्णाशी जुळेना. पुस्तकातला म्हातारा आणि लठ्ठ, इथला तरुण आणि किडकिडीत. याचं मूळ शोधताना ते थेट गर्भापर्यंत पोचले. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांनी इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या डेव्हिड बार्कर आणि कॅरोलिन फॉल यांच्याबरोबर एक दीर्घ अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, सरासरी जेमतेम ४२ किलो वजनाच्या तिथल्या बायकांची बाळं जन्मतःच मोजली गेली. वजन, लांबी, डोकं, दंड, पोट हे सगळं झालंच, शिवाय खांद्याच्या पात्याखालची कातडी चिमटीत धरून तिची जाडीही कॅलिपरने मोजली.

साउदम्प्टनच्या बाळांचं सरासरी वजन साडेतीन किलो, इथल्या बाळांचं २.७. दंड बारीक, पोट बारीक, स्नायू कमी. पण चिमटीतली ती कातडी? तिची जाडी मात्र जवळजवळ टिकून होती. बाळानं स्नायू आणि अवयवांवरचा खर्च कमी केला होता, चरबी राखून ठेवली होती. पुढे पुणे आणि लंडनच्या नवजात बाळांची एमआरआय तपासणी झाली, तेव्हा पुण्याच्या हलक्या बाळांच्या पोटात चरबी उलट जास्तच आढळली. अशा बाळांना याज्ञिकांनी ‘थिन-फॅट’ म्हटलं. वरून बारीक, आतून लठ्ठ.

याज्ञिकांचा विनोदही लक्षात ठेवण्यासारखा. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी स्वतःचा आणि लंडनचे सहकारी जॉन यडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. (साखरेविरुद्ध पुस्तक लिहिणारे प्रसिद्ध जॉन यडकिन ते हे नव्हेत.) दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) एकच, २२.३. पण यडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. याचं एक कारण राहणीत असू शकतं, हे सांगताना त्यांनी नोंदवलं, की यडकिन मॅरेथॉन धावतात आणि आपला मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार मिटायच्या आत धावत गाठणं.

छत्तीसगडच्या वाचकांना हे समजायला जड जाऊ नये. दिवाळी झाली की सहकारी सोसायट्यांमध्ये धानाची खरेदी सुरू होते. पोतं ४० किलोचं भरलं म्हणजे काम झालं, असं नसतं. आधी मूठभर धान आर्द्रतामापकात टाकतात. ओलावा १७ टक्क्यांच्या वर निघाला, की शेतकऱ्याला ते परत वाळवायला न्यावं लागतं. दोन पोती काट्यावर सारखीच, पण एकातून तांदूळ निघणार आणि दुसरं थप्पीत काळं पडणार. बीएमआय हा नुसता काटा आहे. तो शोधणारा बेल्जियमचा अडॉल्फ केटले हा खगोलशास्त्रज्ञ होता. १८३० च्या दशकात त्याला लोकसंख्येतला ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता, कुणा एकाची तब्येत तपासायची नव्हती. आपण मात्र तो काटा घेऊन घराघरात शिरलो आणि ओलावा बघायचं विसरलो.

आता पुन्हा थोरल्याकडे. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जवळपास तिप्पट होतं, म्हणजे सहा-सात किलोंची भर पडते. त्यानंतर वर्षाला साधारण दोन किलो. वाढीचा वेग एवढा उतरल्यावर भूकही उतरणारच. उंची वाढत राहते, बाळसं झडतं आणि पाच-सहा वर्षांच्या सुमारास मूल आयुष्यातलं सगळ्यांत बारीक दिसतं. तिथून बीएमआयचा आलेख पुन्हा वर वळतो. हे वळण जितकं लवकर येतं, तितकी पुढे चरबी जास्त, असं फ्रान्सच्या मारी-फ्रान्स्वाझ रोलाँ-काशेरा यांनी १९८४ मध्येच दाखवलं होतं. म्हणजे मूल निसर्गनियमाने बारीक व्हायच्या नेमक्या वयात आपल्या घरात धावपळ सुरू होते. ‘अंगाला काही लागत नाही याच्या’ म्हणत आजी तुपाची धार वाढवते, आई मोबाइल दाखवून घास भरवते आणि ते वळण ओढून अलीकडे आणलं जातं.

दिल्लीत डॉ. संतोष भार्गव यांच्या गटाने १९६९ पासून जन्मलेल्या हजारो मुलांच्या नोंदी ठेवल्या. ती मुलं तिशीच्या आसपास आली तेव्हा त्यांची रक्तातली साखर तपासली. ज्यांची साखर बिघडली होती, ती दोन वर्षांपर्यंत इतरांपेक्षा बारीक होती आणि नंतर बाराव्या वर्षापर्यंत भराभर भरत गेली होती. धक्का बसावा अशी गोष्ट पुढेच आहे. बाराव्या वर्षी त्यांतलं एकही मूल लठ्ठपणाच्या व्याख्येत बसत नव्हतं. धोका होता तो बारीक असण्याकडून भरण्याकडे झालेल्या घाईच्या प्रवासात.

मग करायचं काय? इथे मला माझ्या आवडत्या, आणि अर्धवटच ओळखल्या गेलेल्या, डॉ. क्लारा डेव्हिस यांना बोलवावंसं वाटतं. शिकागोच्या या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९२६ पासून पुढे काही वर्षं पंधरा तान्ह्यांवर एक प्रयोग केला. मुलं सहा ते अकरा महिन्यांची, मोठ्यांचं नेहमीचं खाणं कधी न चाखलेली. पदार्थांची यादी चौतीसची: दूध, फळं, बीट, गाजर, पालक, ओट, गहू, बार्ली, अंडी, मासे, यकृत, हाडांतला मगज. जेवणाच्या वेळी त्यांतले काही पदार्थ वेगवेगळ्या भांड्यांत ट्रेवर मांडायचे. नर्सने हातात चमचा घेऊन गप्प बसायचं. मुलानं एखाद्या भांड्याकडे हात केला तरच त्यातला चमचाभर पुढे धरायचा, तोंड उघडलं तर द्यायचा. ‘शहाणं बाळ’ म्हणायचं नाही, भुवईही उंचावायची नाही. आपल्याकडच्या एखाद्या मावशीला एवढं गप्प बसायला सांगून पाहा!

मुलांनी खाल्लेली जेवणं चक्रावून टाकणारी होती. एखाद्याची न्याहारी म्हणजे संत्र्याचा रस आणि यकृत, एखाद्याचं रात्रीचं जेवण म्हणजे अंडी, केळी आणि दूध. मुडदूस झालेल्या एका मुलाच्या ट्रेवर कॉड माशाच्या तेलाचा पेला ठेवला होता. बरा होईपर्यंत तो ते वेगवेगळ्या प्रमाणात आपणहून प्यायला, नंतर त्यानं त्याकडे पाहिलंही नाही. सगळी मुलं धडधाकट वाढली.

‘मुलांच्या शरीराला सगळं कळतं’ असं सांगण्यासाठी हा प्रयोग आजही पुढे केला जातो. तो तसा वापरणारे डेव्हिसबाईंचं पुढचं म्हणणं गाळतात. १९३९ मध्ये त्यांनी स्वतःच सांगितलं, की खरी मेख पदार्थांच्या यादीत होती. यादीत साखर नव्हती, डबाबंद काही नव्हतं. मुलांनी काहीही निवडलं तरी ते चांगलंच निघणार होतं. कारखान्यातले पदार्थ ट्रेवर ठेवून पुढचा प्रयोग करायचा त्यांचा बेत होता, पण मंदीत पैसा आटला. मुलं अवघी पंधरा आणि तपशीलवार आकडेही पूर्ण छापले गेले नाहीत, तेव्हा याला पुरावा म्हणून फार ताणू नये. पण कामाची वाटणी त्यात लख्ख दिसते. काय मांडायचं ते मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं ते मुलानं.

दुसऱ्या कामात आपण ढवळाढवळ केली तर? सुझन जॉन्सन आणि लीअॅन बर्च यांनी १९९४ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या ७७ मुलांना जेवणाआधी कधी हलकं, कधी भरपूर उष्मांकांचं पेय दिलं. त्याप्रमाणे जेवण कमी-जास्त करणं पुष्कळ मुलांना जमलं. ज्यांच्या आया खाण्यावर जास्त ताबा ठेवत, त्या मुलांना ते कमी जमलं. आयांच्या ताब्यामुळे असं झालं की तशा मुलांमुळे आया ताबा ठेवू लागल्या, हे एका अभ्यासावरून ठरत नाही. तरीही ‘पानात टाकायचं नाही’ हा आपला संस्कार जपायचा असेल, तर त्याची जागा वाढण्यात आहे. आधी कमी वाढावं, मागितलं तर पुन्हा द्यावं.

दुधात घालायच्या पावडरींविषयी त्या आईंनी विचारलेलं नाही, पण घरात डबा असणारच. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ई-कॉमर्स कंपन्यांना बोर्नव्हिटासह अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढायला सांगितली, कारण अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ नावाची गोष्टच नाही. या जाहिराती काटकुळ्या मुलाच्या आईच्या धास्तीवर चालतात, आणि डबा उघडला की बहुधा साखरच जास्त सापडते.

तेव्हा पत्राचं उत्तर असं, की दोन ताटं करू नका. दोघांसाठी एकच स्वयंपाक: वरण, भात, भाकरी किंवा पोळी, दही, लाल भाजी, मुनग्याच्या (शेवग्याच्या) शेंगा, सकाळी चीला नाहीतर वाफवलेला फरा. पोहा-जलेबीतली जलेबी रविवारी, आणि सगळ्यांनाच. थोरल्यापासून खाऊ लपवून धाकट्याला देऊ नका. बर्च यांच्याच प्रयोगांत नजरेसमोर ठेवून अडवलेल्या पदार्थाकडे मुलांचं लक्ष अधिकच वेधलं गेलं. धाकट्याने भाजी नाकारली तर ती चिमूटभर पुन्हा पुन्हा पुढे येऊ द्या. जीभ रुळायला दहा-पंधरा वेळाही लागतात. वजनाचा एकच आकडा घेऊन घाबरू नका. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे वाढीचे तक्ते पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी आपल्याच मुलांच्या मापांवरून केलेत. ते पाच वर्षांपुढच्या मुलांसाठी आहेत, तेव्हा थोरल्याची रेघ त्यांवर आणि धाकट्याची जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यांवर डॉक्टरांकडून काढून घ्या. धाकट्याची उंची थांबली असेल किंवा रेघ खाली घसरत असेल, तर मात्र भरवणं सोडून तपासणी करा. रेघ आपल्या पट्ट्यात वर सरकत असेल तर त्याला बारीक राहू द्या. थोरल्याला खेळायला मैदान द्या. स्नायूंचा जन्मजात तुटवडा ताट कमी करून भरून निघत नाही.

आणि एक गोष्ट या दोन्ही मुलांच्या पलीकडची. पुण्याच्या अभ्यासात बहुतेक गरोदर बायकांच्या रक्तात बी-१२ कमी होतं. ज्यांचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांच्या शरीरावर सहाव्या वर्षी इन्सुलिनचा प्रभाव सर्वांत कमी पडत होता. बी-१२ कुठल्याही पालेभाजीत नसतं, मुनग्यातही नाही. ते दूध-दह्यात, अंड्यात, मासे-मटणात असतं. २०१९ मध्ये छत्तीसगडात शाळेच्या जेवणात अंडी द्यावीत की नाहीत यावर केवढा वाद रंगला! तो श्रद्धा आणि राजकारणाभोवती फिरला. वर्गातल्या मुली उद्या आई होणार आहेत, हा मुद्दा त्यात मला तरी कुठे दिसला नाही. ज्या घरात अंडं चालत नाही तिथे दूध-दही आणि डॉक्टरांना विचारून गोळी हा मार्ग आहेच. नातवाच्या ताटात तूप ओतणाऱ्या आजीने तेच लक्ष दूध नको म्हणून कॉलेजला पळणाऱ्या नातीकडे वळवलं, तर पुढच्या पिढीच्या लठ्ठपणावर त्याहून स्वस्त उपाय मला तरी दिसत नाही.