इंदिरानगरचे कामकरी आणि रहिवासाचा दाखला

शंभर फुटी रस्त्यावरील उपाहारगृहांतून बंगळूरची जी समृद्धी पाहुण्याच्या दृष्टीस पडते, ती कोडिहळ्ळी, बिन्नमंगल, अप्पारेड्डीपाळ्य, दूपनहळ्ळी अशा खेड्यांच्या शेतजमिनींवर उभी आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे आखीव भूखंड पडले आणि वसाहतीस इंदिरा गांधींचे नाव मिळाले; परंतु गावठाणे जागच्या जागी राहिली, आणि त्यांतील कोंदट भाड्याच्या खोल्यांतून धुणीभांडी करणाऱ्या, रखवाली करणाऱ्या व घरपोच अन्न पोहोचविणाऱ्या माणसांचे संसार आज चालले आहेत. ज्यांना तेवढेही भाडे पेलत नाही, ते पहाटेच्या बसने दुरून येतात.

दारिद्र्याचा विचार आपल्याकडे दीर्घकाळ पोटाच्या मापाने झाला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दररोज माणशी २२५० उष्मांकांची मर्यादा धरून देशातील दारिद्र्याचे मोजमाप मांडले. तीनच वर्षांनी फ्रान्समध्ये रने लन्वार यांनी समाजरक्षणाच्या तरतुदींबाहेर पडलेल्या अपंग, वृद्ध व निराधार माणसांकडे लक्ष वेधले. इंदिरानगरातील कामकऱ्याकडे पाहताना मला हा दुसरा विचार अधिक जवळचा वाटतो. कारण त्याच्यापाशी काम असते, बहुधा दोन वेळचे अन्नही असते, पण तो ज्या शहरात राबतो त्या शहराच्या दफ्तरी त्याची नोंद नसते.

सरकारी साहाय्य मात्र नोंदीच्याच मार्गाने येते. कर्नाटकाच्या १९७३ च्या झोपडपट्टी कायद्याचे संरक्षण ‘घोषित’ वस्तीस मिळते, अघोषित वस्तीने तिष्ठत राहायचे. २०२३ च्या ऑगस्टात सुरू झालेल्या गृहलक्ष्मी योजनेचे दरमहा २००० रुपये शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून लागलेल्या स्त्रीस मिळतात. रायचूर-कलबुर्गीकडून आलेल्या सुनेचे नाव गावी सासूच्या पत्रिकेवर असेल, तर रक्कम सासूच्या खात्यात जमा होते आणि बंगळुरातले भाडे सुनेच्या माथी राहते. सरकारनेच दिलेले छप्परही टिकेल याची हमी नाही. जवळच्या ईजिपुऱ्यात दुर्बल घटकांसाठी पालिकेने बांधलेल्या इमारती ढासळल्यावर रहिवासी त्याच जागी पत्र्याच्या खोपटांत राहिले, आणि २०१३ च्या जानेवारीत ती खोपटीही जमीनदोस्त करण्यात आली.

याउलट सरकारी इंदिरा कँटीनच्या खिडकीशी कोणी दाखला मागत नाही. १६ ऑगस्ट २०१७ रोजी १०१ ठिकाणी ही उपाहारगृहे उघडली तेव्हा न्याहारी पाच रुपयांना आणि जेवण दहा रुपयांना असा दर ठरला. रिक्षावाला, रखवालदार, ओडिशाहून आलेला गवंडी, सारे एका रांगेत टोकन घेतात आणि उभ्यानेच इडली-सांबार खातात. काही ठिकाणी स्वच्छतेची व पुरवठ्याची हेळसांड झाली, हे खरे. तथापि भुकेल्यास त्याचे गाव न विचारण्यात जो आदर आहे, तो मला या योजनेचा सर्वांत मोठा गुण वाटतो. २०२३ च्या जूनपासून स्त्रियांना सरकारी बसचा प्रवास निःशुल्क झाला, त्याने मोलकरणीच्या मिळकतीतला मोठा खर्च वाचला. पण तेथेही कर्नाटकातील रहिवासाचा पुरावा लागतो, आणि बंगालहून किंवा आसामातून आलेली तिची सोबतीण त्याच बसमध्ये तिकीट काढते.

घरकामासाठी किमान वेतन कर्नाटकाने २००४ सालीच जाहीर केले. अंमलबजावणीसाठी मात्र बंद दाराआड कोण जाणार? रस्ते झाडणाऱ्या पौरकार्मिकांची कथा निराळी आहे. त्यांत बहुसंख्य दलित स्त्रिया. वर्षानुवर्षे ठेकेदार हजेरी मांडी आणि मजुरीही तोच कापी. संघटित लढ्यामुळे २०१७ पासून वेतन थेट पालिकेकडून मिळू लागले, आणि २०२५ च्या मे महिन्यात बारा हजारांहून अधिक जणांना कायम नेमणुकीची पत्रे मिळाली. त्या २०१७ च्या निर्णयातून कचरागाडीचे चालक व मदतनीस मात्र वगळले गेले. मुंबईच्या कचरा वाहतूक श्रमिक संघाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २७०० कामगारांसाठी जे कायमपण मिळवले, तेही असेच दीर्घ झगड्याचे फळ होते.

महाराष्ट्राने दाखल्याचा हा प्रश्न एकदा वेगळ्या रीतीने सोडविला होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीने, १९७२ च्या दुष्काळात विस्तारून १९७७ साली कायद्याचे रूप घेतलेल्या त्या योजनेने, दारिद्र्याचा पुरावा न मागता ‘मागेल त्याला काम’ हे तत्त्व पत्करले. ती ग्रामीण महाराष्ट्रापुरतीच होती. शहरातील मजुरास तिचा आधार नव्हता. शहरापुरता पाहिल्यास २०१४ चा पथविक्रेता कायदा मला या विचाराच्या सर्वांत जवळ येतो: तो विक्रेत्याची गणना त्याच्या धंद्याच्या जागी करतो, विक्रीचा दाखला देतो आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींना देतो. हीच पद्धत इंदिरानगरच्या मोलकरणींना, रखवालदारांना व कचरागाडीवरच्या मदतनिसांना लागू करावी, त्यांची नोंद राबण्याच्या प्रभागात व्हावी, शिधा व आरोग्यसेवा त्या नोंदीवर मिळावी, आणि किमान वेतनाची तक्रार प्रभाग कार्यालयात नोंदविता यावी. त्यासाठी रहिवासाचा कागद मागितला जाऊ नये.