हक्क आहे, वार्ता नाही

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण मराठी माणसाला तोंडपाठ आहे. परंतु ती पायरी चढावी की नाही, हे ठरविणे नेहमीच आपल्या हाती असते असे नाही. घरमालकाची नोटीस, टाकून दिलेल्या स्त्रीची पोटगी, भावकीने सातबाऱ्यावरून उडविलेले नाव किंवा मुलाची अटक, यांपैकी काहीही घडले की कोर्टच घरी चालून येते. अशा वेळी पहिली निकड असते ती सल्ल्याची आणि फीच्या धास्तीने नेमका तोच घेतला जात नाही. मुदत टळते, न वाचलेल्या कागदावर सही होते आणि मग धावाधाव सुरू होते.

ही स्थिती घटनेला मान्य नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ३९-अ हे कलम आले आणि पैशाअभावी कोणी न्यायाला मुकू नये, हे पाहण्याची जबाबदारी राज्यसंस्थेवर आली. त्यानंतर दोनच वर्षांनी होसकोट खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे एक कैदी आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या १९७३ च्या निकालाविरुद्धचा त्याचा अर्ज चार वर्षांहून अधिक उशिराचा होता. निकालाची प्रतच वेळेवर मिळाली नाही, असे त्याचे म्हणणे होते. अर्ज फेटाळला गेला. मात्र कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य व विनाविलंब मिळालीच पाहिजे आणि ऐपत नसल्यास अपिलासाठी वकीलही दिला पाहिजे, असे न्या. कृष्ण अय्यर यांनी बजावले. हा कैदी बनावट पदव्यांच्या प्रकरणात दोषी ठरलेला विद्यापीठातील प्रपाठक होता. प्रपाठकाची ही गत, तर निरक्षराची काय होत असेल? त्याचे उत्तर १९८६ च्या सुक दास खटल्यात मिळाले. आरोपीने वकील मागितला नाही, ही सबब न्यायालयाने मानली नाही आणि त्याची शिक्षा रद्द केली. ज्याला हक्कच ठाऊक नाही, तो मागणार काय?

१९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्यानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, औद्योगिक कामगार, अपंग आणि अटकेतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा असून, तिच्याबाबत अर्जदाराचे प्रतिज्ञापत्र सामान्यतः पुरेसे मानले जाते. म्हणजे कारकुनाची पत्नी असो की शिक्षिका, सल्ला व वकील मागण्याचा तिला अधिकार आहे. प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयात असते, तालुक्याला समिती असते आणि १५१०० या दूरध्वनी क्रमांकावरही चौकशी करता येते. लोकअदालतीत तडजोड झाल्यास भरलेली कोर्ट फी परत मिळते. मात्र त्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून सहीपूर्वी सल्ला घेणेच शहाणपणाचे.

फुकटचा वकील मन लावून काम करील काय, ही शंका सर्वस्वी निराधार नाही. तालिकेवरील वकिलांना मिळणारे मानधन तुटपुंजे असते. परंतु अशा वकिलाला पक्षकाराकडून पैसे घेण्यास मनाई आहे आणि कामात हयगय झाल्यास प्राधिकरणाच्या सचिवाकडे तक्रार करता येते. शंकेपोटी हक्कच सोडून देणे हा त्यावरील उपाय नव्हे.

खरी उणीव आहे ती वार्ता पोहोचविणाऱ्याची. आजही गावात अर्ज लिहून घ्यायला लोक गुरुजींकडे जातात, कचेरीत ओळखीच्या कारकुनाला विचारतात आणि चाळीत कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडून नोटीस वाचून घेतात. विधी सेवेच्या स्वयंसेवक योजनेत शिक्षक, निवृत्त सरकारी नोकर आणि विद्यार्थी यांना स्थान आहे ते यामुळेच. त्यांनी वकिली करण्याची गरज नाही. समोर आलेला कागद वाचावा, त्यावरील मुदतीची तारीख दाखवावी आणि त्या माणसाला जिल्हा न्यायालयातील योग्य दारापर्यंत न्यावे. कायद्याने उघडलेले दार ज्याला दिसत नाही, त्याच्या लेखी ते बंदच असते.