छायाचित्र-संपादन कशावरून शिकावे?

तुमच्या घरी एखादी जुनी तसबीर असेल. 'तसबीर' हा शब्द तुम्हांला परका नाही. उर्दूतली 'तस्वीर' तीच मराठीतली 'तसबीर' आहे. समजा, ती तुमच्या दादाजानांची आहे. तिच्यावर डाग पडले आहेत, कडा पिवळ्या झाल्या आहेत आणि घरात त्यांचा दुसरा फोटो नाही. ती नीट कशी कराल?

पूर्वी हे काम फोटो स्टुडिओतले कारागीर करत. बारीक पेन्सिल आणि कुंचला चालवून ते डाग झाकत. आता हेच काम संगणकावर होते. त्यासाठीचे फोटोशॉप हे सॉफ्टवेअर १९९० साली बाजारात आले. ते वापरण्यासाठी पैसे भरावे लागतात. गिम्प हे सॉफ्टवेअर मात्र विनामूल्य मिळते. स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस हे दोघे अमेरिकेत बर्कले येथे विद्यापीठात शिकत होते. त्यांनी १९९५ साली गिम्पचे काम सुरू केले. म्हणजे विद्यार्थ्यांनीच निर्माण केलेले हे साधन आहे.

सॉफ्टवेअर मिळाले, तरी शिकायचे कशावरून? करकंबच्या मुलाला रोज पंढरपूरला किंवा सोलापूरला जाणे परवडेलच असे नाही. पण घरबसल्या शिकायची साधनेही अनेक आहेत. प्रत्येकाचा गुण वेगळा आहे. पुस्तक विषय क्रमाने सांगते. चित्रफितीत हात कसा चालवायचा, ते दिसते. सॉफ्टवेअरबरोबरची माहितीपुस्तिका अडल्यावर उपयोगी पडते. पण ती पहिल्या पानापासून वाचत बसू नये. जाणकार माणूस तुमची चूक दाखवतो. हे काम पुस्तक करू शकत नाही.

मराठीतून शिकायचे असेल, तर मुंबईच्या आय.आय.टी.चा 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम पाहा. त्याचे पाठ विनामूल्य आहेत. एक पाठ साधारण दहा मिनिटांचा असतो. पडद्याच्या एका बाजूला पाठ आणि दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर उघडायचे. पाठ थोडा ऐकायचा, थांबवायचा आणि तेवढी कृती स्वतः करायची. त्यात गिम्पचेही पाठ आहेत.

कोणतेही साधन निवडताना तीन गोष्टी तपासा.

पहिली गोष्ट : ते कोणत्या आवृत्तीसाठी आहे? सॉफ्टवेअर बदलत जाते. गिम्पच्या जुन्या पाठात 'सेव्ह' म्हटले की फोटो जेपीईजी स्वरूपात साठवता येतो. २०१२ साली आलेल्या २.८ या आवृत्तीपासून त्यासाठी 'एक्सपोर्ट' म्हणावे लागते. हे माहीत नसले, तर विद्यार्थी स्वतःलाच दोष देतो. वास्तविक दोष त्याचा नसतो, पाठ जुना असतो. स्पोकन ट्युटोरियलचे गिम्पचे पाठही जुन्या आवृत्तीवरचे आहेत. पाठात आणि तुमच्या पडद्यावर फरक दिसला, तर घाबरू नका.

दुसरी गोष्ट : ते 'कसे' एवढेच सांगते, की 'का' हेही सांगते? पासपोर्ट फोटोचे उदाहरण घ्या. साडेतीन सेंटिमीटर रुंद आणि साडेचार सेंटिमीटर उंच फोटो हवा आहे. एखादा पाठ सांगतो, "४१३ आणि ५३१ हे आकडे भरा." काम होते, पण उद्या दुसरे माप आले की तुम्ही अडता. चांगला पाठ सांगतो, की छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके घेतात आणि एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर. मग ३.५ ला २.५४ ने भागा आणि ३०० ने गुणा. उत्तर येते सुमारे ४१३. आता कोणतेही माप तुम्ही स्वतः काढू शकता.

तिसरी गोष्ट : ते तुमच्याकडून काम करून घेते का? तख्तीवर 'अलिफ' गिरवल्याशिवाय हात वळत नाही. नुसते पाहून कोणी खुशनवीस झालेला नाही. एक पाठ झाला, की तो बंद करा आणि तीच कृती दुसऱ्या फोटोवर न पाहता करा. जमली, तर साधन चांगले. दोनतीन प्रयत्नांनीही जमली नाही, तर दुसरे साधन शोधा. मात्र एका वेळी पाच साधने उघडून बसू नका. मूळ फोटोला कधीही हात लावू नका. नेहमी त्याच्या प्रतीवर काम करा.

फी भरून वर्ग लावायचा असेल, तर आधी चार प्रश्न विचारा. कोणते सॉफ्टवेअर शिकवणार? एका संगणकावर किती मुले बसणार? सरावाला किती तास मिळणार? अभ्यासक्रम संपल्यावर मला कोणते काम स्वतः करता येईल? प्रमाणपत्राचा प्रश्न त्यानंतरचा. अब्बांनी कष्टाने मिळवलेला पैसा भरण्यापूर्वी असे विचारणे हा उद्धटपणा नाही, शहाणपणा आहे.

आजही लग्नाचे अल्बम, दुकानांचे फलक, परीक्षेच्या अर्जांचे फोटो ही कामे गावोगावी निघतात. ज्याला काम येते, त्याच्याकडे लोक येतात. साधन साधे असले तरी चालेल. सराव मात्र रोज हवा.

स्वाध्याय
१. जुन्या पाठावरून शिकताना कोणती अडचण येऊ शकते?
२. पाच सेंटिमीटर रुंद फोटोसाठी किती ठिपके लागतील, ते काढा.
३. 'तसबीर'सारखे उर्दूतही असलेले पाच मराठी शब्द लिहा.