फॅमिली डॉक्टर आणि एचआयव्ही चाचणी

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ साली मद्रास येथे झाली. डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी गोळा केलेल्या रक्तनमुन्यांतून ती समोर आली. पुढील दशकात महाराष्ट्राची गणना अधिक बाधित राज्यांत होऊ लागली. पुणे-बंगळूर महामार्ग, इचलकरंजीचे यंत्रमाग आणि आजरा-चंदगडकडून मुंबईला होणारे स्थलांतर पाहता कोल्हापूर यातून सुटणे शक्य नव्हते. शेजारच्या सांगलीत १९९२ मध्ये ‘संग्राम’ संस्थेने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये काम आरंभिले. शासनाने समुपदेशन व चाचणी केंद्रे उभारली आणि १ एप्रिल २००४ पासून मोफत औषधोपचार (एआरटी) सुरू केला. या साऱ्या रचनेत गल्लीतला फॅमिली डॉक्टर मात्र काहीसा बाजूस राहिला. वस्तुतः रुग्ण प्रथम त्याच्याच दवाखान्याची पायरी चढतो.

तरुण वयात उठलेली नागीण, तोंडातील पांढरी बुरशी, लांबलेला जुलाब, कारणावाचून घटणारे वजन, गुप्तरोग आणि क्षयरोग ही चाचणी सुचविण्याची प्रमुख निमित्ते होत. प्रत्येक गरोदर स्त्रीला तर ही चाचणी सुचविलीच पाहिजे, कारण वेळेवर उपचार झाल्यास बाळाला होणारा संसर्ग बहुतांशी टळतो.

चाचण्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील चाचण्या रक्तातील प्रतिपिंडे शोधतात. झटपट निकाल देणारी बहुतेक किटे याच वर्गातील असतात. दुसऱ्या वर्गातील चाचण्या प्रतिपिंडांबरोबर विषाणूचे पी-२४ हे प्रथिनही टिपतात. तिसऱ्या वर्गात विषाणूचा जनुकीय अंश थेट मोजला जातो. संसर्गानंतर प्रतिपिंडे तयार होण्यास काही आठवडे लागतात. या गवाक्षकाळात संसर्ग असूनही अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो. म्हणून अलीकडे जोखीम घडली असल्यास चाचणी पुन्हा करावी लागते. उलट बाजूचे भानही तितकेच आवश्यक आहे. लक्षणे नसलेल्या व्यक्तीच्या बाबतीत वेगवेगळ्या तत्त्वांवर आधारलेल्या तीन चाचण्या पॉझिटिव्ह आल्यावरच निदान पक्के मानावे, असे राष्ट्रीय धोरण आहे. खासगी प्रयोगशाळेतील एका किटच्या आधारे रुग्णाला निदान सांगून मोकळे होणे हा, आमच्या मते, वैद्यकीय घाईचा सर्वांत महागडा प्रकार आहे.

१० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्यानुसार माहितीपूर्ण संमतीशिवाय ही चाचणी करता येत नाही. चाचणीपूर्वी आणि चाचणीनंतर समुपदेशनही अपेक्षित आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्यांच्या यादीत, रुग्णाला न सांगता, एचआयव्हीपुढे खूण करण्याची सवय या कायद्यात बसत नाही.

फॅमिली डॉक्टरची खरी कसोटी लागते ती अहवाल हाती आल्यावर. राजारामपुरीतील किंवा गडहिंग्लजमधील जुना डॉक्टर एकाच घरातील तीन पिढ्या ओळखतो. सासूचा रक्तदाब, मुलाचा दमा आणि सुनेचे बाळंतपण त्याला ठाऊक असते. ही ओळख त्याचे बळ आहे आणि धोकाही तिच्यातच आहे. ‘डॉक्टर, आमच्या पोराला काय झालंय?’ या वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाला उत्तर देण्याचा मोह आपल्याकडे फार मोठा असतो. कायदा मात्र रुग्णाच्या संमतीविना ही माहिती वडिलांनाही देऊ देत नाही. जोडीदाराबाबत मर्यादित अपवाद आहे. त्याला संसर्गाचा मोठा धोका असेल, समुपदेशनानंतरही रुग्ण स्वतः सांगणार नाही असे दिसत असेल आणि आपण सांगणार आहोत याची पूर्वकल्पना रुग्णाला दिली असेल, तर उपचार करणारा डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदारास प्रत्यक्ष भेटून, समुपदेशन करून कळवू शकतो. बाधित स्त्रीवर हिंसाचार होण्याची किंवा तिला घराबाहेर काढले जाण्याची रास्त भीती असल्यास मात्र तिच्या जोडीदारास कळवू नये, असे कायदाच सांगतो. सासरी आलेल्या सुनेच्या संदर्भात या तरतुदीचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही.

निदान पक्के करण्यासाठी आणि उपचारासाठी रुग्णाला शासकीय केंद्राकडे पाठवावे. कोल्हापुरात त्यासाठी सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे; उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांतही चाचणीची सोय असते. २०१७ पासून सीडी-४ पेशींची संख्या कितीही असली तरी उपचार सुरू केला जातो. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर यांची एकत्रित गोळी सामान्यतः दिवसातून एकदाच घ्यावी लागते. नियमित उपचाराने रक्तातील विषाणू चाचणीतही सापडणार नाही इतका घटला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधांतून त्याचा प्रसार होत नाही. पॉझिटिव्ह अहवालाने खचलेल्या रुग्णाला डॉक्टरने हे पहिल्याच भेटीत सांगावे.

केंद्राकडे पाठविल्याने फॅमिली डॉक्टरचे काम संपत नाही. सर्दी, ताप आणि मधुमेहासाठी रुग्ण त्याच्याकडेच येत राहतो. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमयुक्त अँटासिडमुळे डोल्युटेग्राव्हिरचे शोषण घटते. म्हणून ही गोळी अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. मेटफॉर्मिनची मात्रा दिवसाला एक ग्रॅमच्या आत ठेवणे इष्ट. क्षयरोगासाठी रिफॅम्पिसिन सुरू असेल, तर डोल्युटेग्राव्हिरची जादा मात्रा लागते आणि ती एआरटी केंद्रातून ठरते. दवाखान्यातच वापरलेली सुई टोचल्यास प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावे लागते.

अडचण आल्यास डॉक्टरांनी नजीकच्या केंद्रातील समुपदेशकाशी संकोच न बाळगता बोलावे. रुग्णांसाठी १०९७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी विनामूल्य आहे. हा क्रमांक प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर, सहज दिसेल अशा ठिकाणी लावावा.