रांगत्या बाळाला बूट हवेत का?

एप्रिल-मे हे आपल्या घरांत खरेदीचे महिने. भीमजयंती, बुद्धपौर्णिमा, त्यातच लग्नसराई आणि नामकरण. सहा महिन्यांच्या बाळालाही झबल्याबरोबर बूट येतात. कुणी वाजणारे आणतो, कुणी लाल दिवे लागणारे. बाळ अजून धड बसतही नसते. मग घरात चर्चा सुरू होते. आजी म्हणते, बूट घातले की पाय सरळ राहतात, पोर लवकर चालतं. शेजारीण म्हणते, अनवाणी ठेवलं तर पाय फताडे होतील. आई दोघींचे ऐकते आणि बूट घालते.

आमचे उत्तर आधीच सांगून टाकतो. जे बाळ अजून चालत नाही त्याला बुटांची गरज नाही. थंडीत पाय झाकायला मोजे पुरेत. चालायला लागले की घरात अनवाणी आणि उंबऱ्याबाहेर पायात काहीतरी हवेच. याला एक अपवाद आहे. तो मोठा आहे, म्हणून शेवटी सविस्तर सांगतो.

मोठ्या माणसाच्या एका पावलात २६ हाडे असतात. तान्ह्या बाळाच्या पावलात त्यातली बरीचशी अजून पुरती हाडे झालेली नसतात. ती कुर्चेची असतात. आपल्या कानाचा वरचा भाग दाबून पाहा, तशी लवचीक. असे पाऊल घट्ट बुटात तासन्‌तास राहिले तर बूट त्याला दाबतो, आणि मऊ पाऊल दाबले गेले तरी बाळ रडेलच असे नाही. म्हणून बूट चावतो आहे हे आईला कळतही नाही. शिवाय बाळ उभे राहताना पायाच्या बोटांनी जमीन धरते, तळव्याने गार-गरम, ओले-कोरडे ओळखते आणि त्यावरून तोल सावरते. जाड तळाच्या बुटात हे सगळे बंद होते.

फताड्या पायांचे म्हणाल, तर सगळ्याच बाळांचे पाय फताडे दिसतात. तळव्याखाली चरबीची गादी असते, तिच्यामुळे मधली खोलगट कमान दिसत नाही. ती हळूहळू, पहिल्या सहा-सात वर्षांत, कधी त्याहून उशिराही दिसू लागते. तोवर ‘कमान आणणारे’ महागडे बूट घेण्यात पैसे घालवू नयेत. शेजारच्या कर्नाटकातील मणिपालच्या दोन डॉक्टरांनी, डॉ. राव आणि डॉ. जोसेफ यांनी, ४ ते १३ वयाची २,३०० मुले तपासली होती. १९९२ साली तो अभ्यास छापून आला. पायात बूट-चप्पल घालणाऱ्या मुलांत सपाट पाय शंभरात ८.६ निघाले, अनवाणी वाढलेल्यांत २.८. त्यातही पुढून बंद असलेले बूट घालणाऱ्यांत प्रमाण सर्वांत जास्त, सँडल-चप्पलवाल्यांत कमी. म्हणजे शेजारणीची भीती उलटीच निघाली. सपाट पाय बहुतेकांना आयुष्यभर दुखतही नाहीत, ही आणखी एक गोष्ट.

आता जी गोष्ट डॉक्टर सांगत नाहीत ती बोलतो. आपल्या घरात बाळाच्या पायातला बूट हा नुसता बूट नसतो. आपल्या आजोबा-पणजोबांना गावातल्या वाड्यापुढून जाताना पायातली वहाण काढून हातात घ्यावी लागे. १९०१ साली नऊ वर्षांचे बाबासाहेब भावंडांसह साताऱ्याहून वडिलांना भेटायला खटाव तालुक्यातल्या गोरेगावला निघाले, तेव्हा मुलांसाठी नवे शर्ट, नव्या टोप्या आणि नवे बूट घेतले होते. त्या पोशाखामुळे मसूर स्टेशनच्या मास्तरांना ती ब्राह्मणांची मुले वाटली. जात कळताच त्यांचा चेहरा बदलला, आणि पुढे गाडीवानही मिळेना. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्यामुळे ‘आमचं लेकरू अनवाणी दिसायला नको’ असे एखादी आजी म्हणते तेव्हा आम्ही तिला हसत नाही. पण आजींना एवढेच सांगतो: तेव्हा पायातली वहाण दुसऱ्याच्या हुकमाने उतरत होती. आता सहा महिन्यांच्या नातवाचे पाय तुम्ही मोकळे ठेवणार आहात, ते त्याच्या पायांच्या भल्यासाठी. फोटोपुरते दहा मिनिटे बूट घातले तर काही बिघडत नाही. फक्त ते सैल असावेत, आणि फोटो झाला की काढावेत.

‘जमीन घाण आहे, म्हणून बूट घालतो’ असेही पुष्कळ जणी म्हणतात. बस्तीत हे खोटे नाही. दारातच गटार, गल्लीत कुत्री-कोंबड्या, शेजारी कचरा. पण रांगणारे बाळ जमिनीला काय टेकते? तळहात आणि गुडघे. तळवे तर मागे आभाळाकडे असतात! बूट घालून आपण जो भाग जमिनीला लागतच नाही तोच झाकतो. आणि तो बूट शेवटी जातो तोंडात. त्यापेक्षा घरातली फरशी किंवा कोबा रोज पुसून घ्या, बाहेर बाळाला खाली सोडायचे तर धुतलेली वाकळ अंथरा, आणि खाऊ घालण्याआधी त्याचे हात साबणाने धुवा.

थंडीचे वेगळे. तान्ह्या बाळाचे अंग लवकर गार पडते, कमी वजनाच्या बाळाचे तर फारच लवकर, म्हणून टोपी आणि मोजे हवेतच. मोजे घालण्यापूर्वी उलटे करून पाहा. आतला सुटा धागा किंवा आईचा गळलेला केस बाळाच्या बोटाला गुंडाळला तर बोट सुजून काळेनिळे पडते. पायातले वाळे किंवा काळा दोरा घट्ट झाला तरी तोच धोका. (नजरेचा दोरा आपल्या घरात का, हा प्रश्न आरोग्याच्या पानावर नको.) बाळ उभे राहू लागले की घरात मोजे काढा, गुळगुळीत फरशीवर पाय घसरतो. आणि ‘पायातून सर्दी शिरते’ हे खरे नाही. सर्दी विषाणूंनी होते, शिंकणाऱ्या माणसाकडून.

बुटांनी चालणे लवकर येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांची नोंद ठेवली, तेव्हा आधाराशिवाय चालणे सुमारे ८ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान केव्हाही सुरू झालेले दिसले. शेजारच्या पोरीने दहाव्या महिन्यात पाऊल टाकले म्हणून आपल्या चौदा महिन्यांच्या पोराची काळजी करू नका. दीड वर्ष झाले तरी चालत नसेल तर मात्र दाखवा. लाकडी पांगुळगाडा मोठ्यांच्या नजरेखाली चालेल. बसून पळवायचा चाकांचा वॉकर मात्र घेऊच नका. त्यात बाळ जिन्यावरून, चुलीवर, गरम पाण्याच्या बादलीवर क्षणात जाऊन आदळते. कॅनडात २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे.

बाळ चालू लागले आणि दाराबाहेर गेले की आमचा सूर बदलतो. तिथे अनवाणी नको. काच, खिळे, उन्हाळ्यात तापलेला डांबरी रस्ता हे सगळ्यांना दिसते. न दिसणारा शत्रू अंकुशकृमी. उघड्यावर शौच होते तिथल्या ओल्या मातीत त्याच्या अळ्या असतात. त्या पायाच्या कातडीतून आत शिरतात, रक्तातून फुफ्फुसात आणि शेवटी आतड्यात पोचतात, तिथे चिकटून रक्त पितात. लेकरू फिकट पडते, दमते, अभ्यासात मागे राहते. म्हणून शौचालयाला जाताना, नाल्याकाठी, शेतात चप्पल हवीच. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर सांगलीत कृष्णाकाठच्या वस्त्यांत जो चिखल साचला, तशा चिखलात तर कोणत्याही मुलाला अनवाणी सोडू नये, आणि रांगणाऱ्याला उतरवूच नये. वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला जंतनाशक दिनी अंगणवाडीत अल्बेंडाझोल मिळते. दोन वर्षांपर्यंत अर्धी गोळी, त्यापुढे पूर्ण. लहानग्याला चुरडून पाण्यातून द्यावी.

पहिली चप्पल घेताना बाळाला कागदावर उभे करून दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवा आणि तो कागद दुकानात न्या. पुढे अंगठ्याएवढी जागा सुटावी, तळ हाताने सहज वाकावा, मागे पट्टा असावा. ‘पुढच्या वर्षीही येईल’ म्हणून मोठी घेतली तर पोर तोंडावर पडते. या वयात पाऊल झपाट्याने वाढते, दर दोन-तीन महिन्यांनी तपासा. थोरल्याची झिजून वाकडी झालेली चप्पल धाकट्याला देऊ नका.

आता तो अपवाद. हजारात एक-दोन बाळे आतल्या बाजूला वळलेल्या पावलांनी जन्मतात. बाळंतपणानंतर आशाताई घरी येतात तेव्हा मोजे काढून पाय त्यांना दाखवा. वळलेले पाऊल हाताने हलकेच सरळ केले आणि सहज सरळ झाले तर काळजी नाही. होत नसेल तर पहिल्या काही आठवड्यांतच उपचार हवेत. काही घरांत ‘मोठं झाल्यावर सरळ होईल’ म्हणून किंवा लोकांच्या बोलण्याला भिऊन तो पाय मोज्या-बुटांत झाकून ठेवतात. तिथेच वेळ हातातून जातो.

पॉन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाय थोडा थोडा सरळ करतात. साधारण पाच-सहा प्लास्टर लागतात, मग बहुतेकांना टाचेच्या शिरेला छोटासा छेद देतात. त्यानंतर दांडीने जोडलेले खास बूट घालावे लागतात. पहिले तीन महिने दिवसरात्र, फक्त अंघोळीपुरते काढायचे, आणि पुढे चार वर्षांपर्यंत झोपेत. चालण्याआधी खरेखुरे बूट लागतात ते याच बाळांना. पाय सरळ दिसू लागला म्हणून दया येऊन आईबाप ते काढून ठेवतात आणि पाय पुन्हा आत वळतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून या आजाराची तपासणी व उपचार मोफत आहेत. आशाताईंकडे किंवा अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या पथकाकडे विचारा. थेट जायचे तर साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय किंवा मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तिथल्या हाडांच्या विभागात. जाताना बाळाचा जन्मदाखला किंवा लसीकरणाचे कार्ड बरोबर न्या.