कडुनिंबाचा काढा आणि चांदीचे सूक्ष्म कण

चांदीची पारख व्यापारी घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. शुभ्रता, वजन आणि नाद ही तिची ओळख. मात्र तिचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगू लागले की ते पाणी पिवळसर तपकिरी दिसते. मीटरचे शंभर कोटी भाग केले असता त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. हे कण साधारणतः शंभर नॅनोमीटरच्या आतले असतात.

ते तयार करण्यास सोडियम बोरोहायड्राइडसारखी तीव्र रसायने वापरण्याची रीत होती. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याऐवजी कडुनिंबाच्या पानांचा काढा घेतला. हे संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले. पाने उकळून गाळलेला काढा सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मिसळला की पानांतील द्रव्ये चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात आणि धातूचे कण तयार होतात. मग तीच द्रव्ये कणांभोवती थर धरून त्यांना एकमेकांस चिकटू देत नाहीत. बुरशी वा जीवाणूंकडून हे काम करून घेण्यास दिवस लागत. येथे काही तास पुरले. गुढीपाडव्याला तोंड कडू करणाऱ्या पानाकडून एवढी अपेक्षा कोणी केली असती! याच काढ्याने सोन्याचे कणही मिळाले, आणि त्याच वर्षी या गटाने गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे पातळ, त्रिकोणी कण घडविले.

चांदी जंतुनाशक असल्याने भाजलेल्या जखमांवर चांदीयुक्त मलम व पट्ट्या वैद्य वापरतातच. वनस्पतिजन्य कणांनीही प्रयोगशाळेत जंतूंना रोखले आहे. परंतु काचेच्या बशीतील यश म्हणजे औषध नव्हे. पानातील द्रव्ये ऋतू, माती व झाडाचे वय यांप्रमाणे बदलतात आणि त्यानुसार कणांचा आकारही. नमुना एक व माल दुसरा, ही अडचण व्यापाऱ्यांस वेगळी सांगावयास नको. औषधात ती मुळीच चालत नाही.

शिवाय ‘हरित’ हे विशेषण पद्धतीचे आहे, मालाचे नव्हे. काढा कडुनिंबाचा असला तरी कण चांदीचाच. सर्व रोगांवर म्हणून विकल्या जाणाऱ्या चांदीच्या पाण्याला सुरक्षित व गुणकारी मानण्यास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ सालीच नकार दिला. असे पाणी दीर्घकाळ प्यायल्याने त्वचा निळसर राखाडी होऊ शकते. या विकारास आर्जिरिया म्हणतात, आणि तो रंग सहसा आयुष्यभर जात नाही.