स्तन्यपान-सल्लागाराचे प्रशिक्षण : एक आवश्यक परिचय
‘अंगावरचे दूध पुरत नाही’ ही तक्रार ऐकताच आम्ही वैद्य शतावरी कल्प लिहून देतो. परंतु बालकाची स्तनावरील पकड सदोष असल्यास स्तन नीट रिकामा होत नाही व स्तन्यनिर्मितीच मंदावते. अशा वेळी केवळ औषध अपुरे पडते. त्यातच वरचे दूध सुरू झाल्यास स्तन्य आणखी घटते.

स्तन्यपान-सल्लागारांना प्रमाणित करणाऱ्या आयबीएलसीई या १९८५ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मंडळाची परीक्षा देता येते. मान्यताप्राप्त आरोग्य-व्यावसायिकांच्या मार्गाने येणाऱ्यास ९० तासांचे स्तन्यविषयक व ५ तासांचे संवादकौशल्याचे शिक्षण, तसेच मागील ५ वर्षांतील किमान १००० तासांचा प्रत्यक्ष अनुभव आवश्यक असतो.

औषधविक्रेत्यांनीही स्मरणात ठेवावे की, शिशुदुग्धपर्यायांच्या जाहिरातीस १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. स्तन्यक्षयाचे निदान करण्यापूर्वी माता बालकास कसे पाजते, हे एकदा प्रत्यक्ष पाहावे, असे आम्हांस वाटते.